शांती की नुसताच अळीमिळी गुपचिळी?

मोहरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

आमचा एक छोटा बायबल अभ्यासगट आहे. जुना गट, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणारी माणसं. अलीकडे मात्र त्यात सरळसरळ दोन तट पडलेत. सुरुवात एका फॉरवर्डने झाली. त्यात काय होतं ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच घसरेल. एकाने टाकलं, दुसरीने ते खोटं असल्याचं दाखवलं, तिसरा म्हणाला 'इथे राजकारण नको', आणि चौथ्याने 'हे म्हणणं हेच राजकारण' असं सुनावलं. शेवटी ठरलं की वादाचे विषय काढायचेच नाहीत. तेव्हापासून शांतता आहे. लोक येतात, वचन वाचतात, प्रार्थना करतात. 'आमेन' झालं की मान खाली, फोन हातात, आणि निघाले.

पुढच्या अभ्यासाची तयारी माझ्याकडे आहे. उतारा याकोबाच्या पत्रातला, अध्याय ३, शेवटच्या ओळी. वरून येणारं ज्ञान आधी शुद्ध असतं, मग शांतिप्रिय, सौम्य, समजून घेणारं, दयेने भरलेलं, पक्षपात न करणारं. वाचायला गोड. पण त्याच आठवड्यात मी लूक १२ वाचत होते आणि तिथे खुद्द येशू विचारतो की मी पृथ्वीवर शांती द्यायला आलो असं तुम्हाला वाटतं का? नाही, फूट पाडायला. एका घरात पाच जण, तिघांविरुद्ध दोघे आणि दोघांविरुद्ध तिघे.

म्हणजे आमच्या गटात आता आहे ती याकोबाची शांती, की तिचा आणि हिचा काही संबंध नाही? गप्प बसणं आणि शहाणपण यांतला फरक तुम्ही कसा ओळखता? ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

निवांत
ग्रुप म्यूट करा. हेच वरून येणारं ज्ञान.

तिसरा_मजला
+१ निवांत. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फक्त वाढदिवस साजरे होतात. भांडण शून्य, प्रेमही जवळपास तेवढंच.

जुनाखडू
मोहरीताई, चांगला धागा. लूक १२ बद्दल आधी लिहितो, कारण ती ओळ संदर्भ तोडून फार वापरली जाते, विशेषतः ज्यांना भांडायची मुळातच हौस असते त्यांच्याकडून.

बाप मुलाविरुद्ध, आई मुलीविरुद्ध, सासू सुनेविरुद्ध ही यादी येशूने मीखा संदेष्ट्याकडून घेतली आहे (मीखा ७:६). तिथे संदेष्टा सडलेल्या समाजाचं दुःख सांगतोय, तसं व्हावं असं म्हणत नाहीये. येशूही परिणाम सांगतोय: माझ्यामागे याल तर घरातले विरोधात उभे राहतील, तयारी ठेवा. तट पाडणं हे शिष्यांचं काम आहे, असा अर्थ त्यातून काढणं चूक.

उलट त्याचे बारा जण बघा. त्यात मत्तय जकातदार, म्हणजे परकी सत्तेच्या व्यवस्थेत पैसे गोळा करणारा. आणि त्यातच शिमोन, ज्याला 'जिलोत', म्हणजे त्या सत्तेचा कडवा विरोधक, म्हटलंय. एक सत्तेच्या पंक्तीला बसणारा, दुसरा तिच्या नावाने बोटं मोडणारा. दोघांना एकाच वाटेने चालवलं. त्या दोघांत रात्री काय बोलणं होत असेल, हे शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवायला हवं होतं असं मला फार वाटतं.

बेरीज_वजाबाकी
सर, एक दुरुस्ती. 'जिलोत' नावाचा संघटित पक्ष ठळकपणे दिसतो तो इसवी सन ६६ च्या, रोमविरुद्धच्या ज्यूंच्या बंडाच्या काळात. शिमोनाच्या बाबतीत तो शब्द नुसता 'धर्माबद्दल कडवा' अशा अर्थानेही असू शकतो, असं म्हणणारे अभ्यासक आहेत.

जुनाखडू
मान्य. पण कडवा माणूस आणि जकातदार ही जोडीसुद्धा काही सोपी नाही!

शंकासुर
मी ख्रिस्ती नाही, देवही मानत नाही, तरी आवताण दिलंत म्हणून आलो.

मला गंमत वाटते की एकोप्यावर प्रवचन कोण देतंय. १०५४ मध्ये रोमच्या दूताने कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये वेदीवर बहिष्काराचा कागद ठेवला आणि पूर्व-पश्चिम वेगळे झाले. १५१७ पासून, लूथरच्या बंडानंतर, पश्चिमेचे तुकडे. मग १६१८ ते १६४८ तीस वर्षांचं युद्ध. त्यात सत्तेचं राजकारण भरपूर होतं हे मला ठाऊक आहे, पण तलवारी उपसताना नाव प्रभूचंच होतं. याकोबाचं पत्र त्या सगळ्यांकडे होतं. मग त्याचा उपयोग काय झाला?

खोचक वाटेल, पण प्रश्न खरा आहे.

अर्धविराम
शंकासुर, खोचक नाही, उलट तुम्ही उशिरा सुरुवात केलीत. १०५४ पर्यंत थांबायची गरजच नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा येशूच्या मरणाला जेमतेम पंचवीस वर्षं झाली असतील. आणि पहिल्याच अध्यायात काय आहे? 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोचा', 'मी केफाचा' (म्हणजे पेत्राचा). आणि एक चौथा गट, 'मी ख्रिस्ताचा' म्हणणारा. मला तो चौथा सगळ्यांत धोकादायक वाटतो. बाकीचे निदान पक्ष घेतोय हे कबूल करतात. हा म्हणतो आम्ही पक्षबिक्ष काही घेत नाही, आम्ही थेट वरचे.

पौल त्या भांडणावर लगेच कुठे जातो बघा: शहाणपणावर. 'जगाचं ज्ञान' आणि 'देवाचं ज्ञान' हा सगळा भाग फुटीच्या तक्रारीतूनच निघालाय. लोक शहाणपणाला पदक समजून आपापल्या गुरूच्या नावाने मिरवत होते. म्हणजे ताईंच्या धाग्यातले दोन्ही विषय, फूट आणि शहाणपण, तिथे एकत्रच जन्मलेत.

आणि उपयोगाचं म्हणाल तर हिशोबाची दुसरी बाजूही मांडा. १०५४ चे ते बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ ला पोप सहावे पॉल आणि कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख अथेनागोरस यांनी मिळून मागे घेतले. ज्या मुद्द्यावर लूथरचं भांडण पेटलं, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, त्यावर कॅथलिक आणि लूथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

शंकासुर
म्हणजे एकाला नऊशे वर्षं आणि दुसऱ्याला पावणेपाचशे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या वादाबद्दल मला आता आशा वाटू लागली आहे.

निवांत
:D

कडूनिंब
मी जरा चव बिघडवतो. मला 'शांती' या विषयावरच्या प्रवचनांचीच धास्ती वाटते. ती बहुतेक वेळा अशा माणसाकडून येतात, ज्याचं सध्या बरं चाललंय.

यिर्मया संदेष्ट्याचं ६:१४ वाचा. लोकांची जखम वरवर बांधतात आणि 'शांती, शांती' म्हणतात, पण शांती कुठेच नाही. हा राग परक्यांवर नाही, स्वतःच्याच याजकांवर आणि संदेष्ट्यांवर आहे.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढलं. त्यांचं म्हणणं काय होतं? वर्णभेदाविरुद्धची निदर्शनं अवेळी आहेत आणि शहाणपणाची नाहीत. होय, शहाणपणाची! मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा तुरुंगात होते. १६ एप्रिलला त्यांनी तिथून उत्तर लिहिलं. त्यात त्यांनी दोन प्रकारची शांती वेगळी काढली. एक, जिथे फक्त ताण दिसत नाही. दुसरी, जिथे न्याय हजर असतो. आणि त्यांची सगळ्यांत मोठी निराशा उघड द्वेष करणाऱ्यांबद्दल नव्हतीच. न्यायापेक्षा सुव्यवस्था प्यारी असलेल्या मवाळ माणसांबद्दल होती.

दक्षिण आफ्रिकेत १९८५ मध्ये काही धर्मपंडितांनी 'कैरोस' नावाचं निवेदन काढलं, त्यातही हाच सूर. अन्याय चालू असताना दोन्ही बाजूंना 'समेट करा' सांगणं म्हणजे अन्याय करणाऱ्याला मदत करणं.

ताई, तुमच्या गटाने वाद बंद करायचं ठरवलं तेव्हा कोणाचं तोंड बंद झालं? फॉरवर्ड टाकणाऱ्याचं की खोटं आहे म्हणणारीचं? माझ्या मते तिचंच. त्याचं म्हणणं सांगून झालं होतं.

मोहरी
कडूनिंब, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. हो, ती आता येते पण बोलत नाही.

घंटाघर
कडूनिंब यांच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. जागा आणि नावं सांगणार नाही.

आमच्या मंडळीत एका निधीच्या हिशोबाचा प्रश्न निघाला. प्रश्न साधा होता: पावतीपुस्तकात जमा दिसते ती रक्कम वार्षिक ताळेबंदात का दिसत नाही? विचारणारा माणूसही काही भांडखोर नव्हता. सभेत पावत्यांच्या कार्बन प्रती नंबरवार लावून घेऊन आला होता, आवाजही चढवला नाही. उत्तर मिळालं ते असं: 'भाऊ, तुम्ही ख्रिस्ताच्या शरीरात फूट पाडताय.' मग रोमकरांस १२:१८ वाचलं गेलं, सर्वांबरोबर शांतीने राहा. वाचणाऱ्याने त्या वचनाचं पहिलं अर्धं खाल्लं! तिथे आधी लिहिलंय 'शक्य असेल तर' आणि 'तुमच्याकडून होईल तितके'. म्हणजे पौलालाही ठाऊक होतं की कधीकधी ते शक्य नसतं आणि सगळं आपल्या हातात नसतं.

पुढे नवे लेखापरीक्षक आले आणि ती रक्कम दुसऱ्याच खात्यात सापडली. चोरी नव्हती, गबाळेपणा होता. पाच मिनिटांत मिटलं असतं. पण तोवर त्या माणसाच्या घरातल्यांनी उपासनेला येणं सोडलं होतं, आणि परत बोलवायला कोणी गेलं नाही. का, तर विषय पुन्हा उकरायला नको. शांती राखायची होती ना!

पाणक्या
घंटाघर, वाईट वाटलं. पण मी थोडी उलटी बाजू मांडतो, कारण धागा एका अंगाला कलतोय.

माझ्या ओळखीत यिर्मया फार झालेत. ज्याला त्याला वाटतं आपण बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहितोय. प्रत्यक्षात तो सोफ्यावरून लिहीत असतो आणि समोरचा अत्याचारी नसून त्याचा चुलतभाऊ असतो. सत्य बोलतोय या नशेत माणूस कमालीचा क्रूर होतो. याकोब ३ मध्ये त्या गोड ओळींच्या आधी काय आहे? मनात कडू मत्सर आणि तट पाडण्याची वृत्ती असेल तर शहाणपणाचा तोरा मिरवू नका, ते ज्ञान वरून आलेलं नाही, सैतानी आहे. अख्ख्या अध्यायाची सुरुवातही जिभेपासून आहे आणि पहिलीच ओळ, तुमच्यापैकी फार जणांनी शिक्षक होऊ नये. इंटरनेट यायच्या एकोणीसशे वर्षं आधी!

निवांत
'फार जणांनी शिक्षक होऊ नये' हे या फोरमच्या मुख्य पानावर लावा.

संपादक मंडळ
सूचना विचाराधीन आहे.

अर्धविराम
पाणक्या, सहमत आणि असहमत. यिर्मयाचा आव आणणारे पुष्कळ आहेत म्हणून यिर्मया चूक ठरत नाही. पण ओळखायचा कसा, हाच तर ताईंचा प्रश्न.

मला नीतिसूत्रे २६ मधल्या दोन ओळी फार आवडतात. चौथी म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, नाहीतर तू त्याच्यासारखा होशील. लगेच पाचवी म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. संकलन करणाऱ्याला विसंगती दिसली नसेल का? त्याने मुद्दाम दोन्ही शेजारी ठेवल्या. आज चौथी लागू की पाचवी, ते त्याने वाचणाऱ्यावर सोडलं.

बेरीज_वजाबाकी
मूर्खपणाचा विषय निघालाच आहे तर बोनहॉफर, हिटलरविरुद्ध उभा राहिलेला जर्मन पाद्री. १९४२ च्या अखेरीस, अटकेच्या काही महिने आधी, त्याने जवळच्या सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिलं. त्यात मूर्खपणावर एक परिच्छेद आहे. त्याचं म्हणणं असं की मूर्खपणा दुष्टपणापेक्षा घातक, कारण दुष्टाला निदान विरोध करता येतो, मूर्खापुढे पुरावे ठेवले तरी ते बाजूला सारले जातात. आणि हा बुद्धीचा दोष नव्हे. तल्लख माणसंही मूर्ख असतात आणि मंद माणसं मुळीच नसतात. सत्तेचा मोठा उठाव झाला की माणसं स्वतःचा विचार तिच्या हवाली करतात. एकटी राहणारी माणसं त्याला कमी बळी पडतात, घोळक्यातली जास्त. बोलताना वाटतं की आपण माणसाशी बोलतच नाही, घोषणांशी बोलतोय.

हे वाचून लगेच समोरच्या गटातले चेहरे आठवतात. माझेही आठवले. स्वतःच्या गटातले आठवेपर्यंत पुन्हा वाचावं.

पाणक्या
शेवटच्या दोन वाक्यांसाठी टाळ्या.

ओसरी
जरा अवांतर. शहाणपण म्हटलं की शलमोन येणारच, अजून कसा आला नाही? दोन बायका, एक बाळ, राजा म्हणतो दोन तुकडे करा. आपण ही गोष्ट हुशारीची म्हणून सांगतो. पण त्यात राजाने पुढे केलेली वाटणी दिसायला अगदी निःपक्षपाती आहे. अर्धं हिला, अर्धं तिला. मधला मार्ग! आणि तोच मार्ग बाळ मारणारा आहे. खोट्या बाईला तो पटतो. खरी आई म्हणते, तिलाच द्या पण मारू नका. ती आपला हक्क सोडते, पण 'चला अर्धं तरी मिळालं' म्हणत नाही.

'दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर' असं म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट आठवून देते.

जुनाखडू
ओसरीबाई, वा. आणि त्याच पुस्तकात नऊ अध्याय पुढे जा. शलमोन गेला, मुलगा रहबाम गादीवर. लोक आले आणि म्हणाले, तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू लादलं, ते हलकं कर. हे लक्षात घ्या, ज्या राजाच्या शहाणपणाचे गोडवे गातो त्याच्याच वेठबिगारीची ही तक्रार आहे. वडीलधारे सल्लागार म्हणाले, आज यांचा सेवक हो, गोड बोल, हे कायमचे तुझे होतील. रहबामाने बरोबर वाढलेल्या तरुण मित्रांचं ऐकलं: सांग त्यांना, माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे. एका उत्तरात दहा वंश गेले आणि राज्याचे दोन तुकडे झाले.

इथे तक्रार करणाऱ्यांनी फूट पाडली नाही. न ऐकणाऱ्याने पाडली.

घंटाघर
सर, शेवटची ओळ आमच्या समितीच्या खोलीत लावायला हवी होती.

तिसरा_मजला
तरुणांची बदनामी नको हो सर :) ज्येष्ठ सल्लागारांचेही नमुने बघितलेत.

जुनाखडू
अगदी. संत बेनेडिक्टची सहाव्या शतकातली मठाची नियमावली तुमच्या बाजूने आहे. तिसऱ्या प्रकरणात सांगितलंय की महत्त्वाचं काही ठरवायचं तर मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण जे उत्तम ते प्रभू पुष्कळदा सर्वांत लहानाला प्रकट करतो. मत मांडताना मात्र हट्टाने ताणायचं नाही. आणि सगळं ऐकल्यावर निर्णय अधिपतीचा.

वाटसरू
सुंदर धागा. मला या विषयावर संत फ्रान्सिसची ती प्रार्थना आठवते, 'मला तुझ्या शांतीचं साधन कर'. तेराव्या शतकातला माणूस पण किती आजचं बोलून गेला!

बेरीज_वजाबाकी
वाटसरू, माफ करा, पण ती प्रार्थना फ्रान्सिसची नाही. ती पहिल्यांदा छापलेली सापडते ती १९१२ मध्ये, पॅरिसच्या एका छोट्या फ्रेंच धार्मिक मासिकात, लेखकाच्या नावाशिवाय. फ्रान्सिसचं नाव नंतर चिकटलं.

निवांत
जिथे फॉरवर्ड असेल तिथे मी तळटीप आणावी.

वाटसरू
हाहा, ठीक आहे. पण अर्थ तर चांगला आहे ना?

बेरीज_वजाबाकी
नक्कीच. आणि फ्रान्सिसला शांतिदूत ठरवायला तिची गरजही नाही. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना तो इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ मुस्लिम सुलतान अल-कामिलच्या छावणीत निःशस्त्र गेला. सुलतानाने त्याचं ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं. युद्ध काही थांबलं नाही.

निळी_शाई
मी क्वेकर (शांत बसून उपासना करणारा एक ख्रिस्ती पंथ) मंडळींच्या बैठकांना काही काळ जात होते, म्हणून लिहिते. त्यांच्यात मतदान नसतं. विषय मांडला जातो, एक जण बोलतो, मग शांतता. लगेच दुसऱ्याने बोलायचं नाही, आधीचं बोलणं आत उतरू द्यायचं. सुरुवातीला ती शांतता मला असह्य व्हायची, जीभ वळवळायची. मग कळलं की त्या वेळात माझं तयार उत्तर शिळं होतंय. शेवटी लिपिक जागेवरच ठराव लिहितो आणि वाचून दाखवतो. एखाद्याला पटलं नाही तर तो सांगतो. कधी 'माझा विरोध नोंदवा, पण मी आड येणार नाही' म्हणतो, कधी खरंच अडतो आणि विषय पुढच्या बैठकीवर जातो. प्रचंड वेळखाऊ.

पण ताईंच्या प्रश्नाला याहून बोलकं उत्तर म्हणजे जॉन वूलमन. अठराव्या शतकातला अमेरिकन क्वेकर. तरुणपणी नोकरीत असताना मालकाने त्याला एका गुलाम बाईच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितला. त्याने लिहिला, पण ते त्याला डाचत राहिलं. पुढे गुलाम वारसाने द्यायचा असेल तर तो मृत्युपत्र लिहून द्यायला नकार देई, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर कारण सांगे. मग तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघर गेला. पाहुणा म्हणून राहायचा आणि निघताना ज्या गुलामांनी त्याची सेवा केली त्यांना मोबदला द्यायचा. विचार करा, यजमानाला ते कसं लागत असेल! शिवी नाही, आरडाओरडा नाही, पण कोणाच्याही पोटात गोळा येईल अशी कृती. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांविरुद्ध पाऊल उचललं. १७७६ मध्ये गुलाम बाळगण्यावरच बंदी घातली. वूलमन १७७२ मध्येच गेला होता.

याकोबाचं 'आधी शुद्ध, मग शांतिप्रिय' हे मला इथे दिसतं. सौम्यपणा पुरेपूर, पण मुद्दा एक इंचही सोडलेला नाही.

ओसरी
निळी_शाई, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा.

शंकासुर
खरंच चांगलं उदाहरण. मला वूलमन आवडला. पण १७५८ ते १७७६ ही अठरा वर्षं. सभेतल्या सज्जनांना शांततेत, सर्वानुमते पोचायला अठरा वर्षं लागली. ती अठरा वर्षं कोणाच्या आयुष्यातली गेली? सभेतल्यांच्या नाही.

कडूनिंब
हेच. किंगनी त्या पत्रात 'थांबा' या सल्ल्याबद्दल जे लिहिलंय ते इथे तंतोतंत लागू पडतं. ज्याला टोचत नाही त्याला थांबा म्हणणं सोपं जातं.

निळी_शाई
शंकासुर, याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणेन की त्या सभेने बहुमताने घाई केली असती तर कदाचित अर्धे क्वेकर गुलामांसकट वेगळा पंथ काढून मोकळे झाले असते. पण 'कदाचित' हे त्या गुलामांना सांगायला मला लाज वाटेल.

पाणक्या
हा प्रतिसाद आवडला. इंटरनेटवर असं वाक्य दुर्मीळ.

वाटसरू
आता हलकं काहीतरी. (हे खरंच जुनं आहे, वाळवंटातल्या साधूंच्या गोष्टींत येतं. बेरीज_वजाबाकी, तपासून घ्या!) दोन वृद्ध साधू वर्षानुवर्षं एकत्र राहत होते, कधी भांडण नाही. एक म्हणाला, आपणही जगासारखं एकदा भांडून बघू. दुसरा म्हणाला, भांडतात कसं ते मला येत नाही. पहिल्याने दोघांच्या मध्ये वीट ठेवली. 'मी म्हणतो ही माझी, तू म्हण नाही, माझी.' सुरू झालं. 'ही माझी.' 'नाही, माझी.' 'बरं, तुझी तर तुझी. घेऊन जा.' भांडण संपलं.

बेरीज_वजाबाकी
तपासलं. अस्सल आहे. :)

कडूनिंब
त्यांना वीट लागत नव्हती म्हणून जमलं. वीट एखाद्याच्या घराची असती तर?

निवांत
कडूनिंब, तुम्ही विनोदालाही ताळेबंद मागता.

तिसरा_मजला
आणि त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं. नाहीतर विटेचा फोटो लगेच 'बघा यांची वृत्ती' या मथळ्याखाली फिरला असता. मग साधूविरोधी गट, विटेचा गट, मग

संपादक मंडळ
तिसरा_मजला आणि 'घोषणावीर' यांच्यातले पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. सध्याच्या पक्षांची नावं घेऊन या धाग्यावर वाद नको. त्यासाठी दुसरे विभाग आहेत.

शंकासुर
म्हणजे 'वादाचे विषय काढायचे नाहीत'. अरे वा, आपणही मोहरीताईंचा गट झालो.

संपादक मंडळ
मुद्दा पोचला. प्रतिसाद तरीही उडलेलेच राहतील.

अर्धविराम
संपादकांची बाजू घेऊन लिहितो. प्रत्येक गोष्ट प्रत्येक ठिकाणी बोललीच पाहिजे असं नाही. मत्तय १८ मध्ये क्रम दिलाय: भावाने तुझा अपराध केला तर आधी जा, दोघे एकटे असताना सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. मग मंडळीला सांग. आपण हल्ली शेवटच्या पायरीपासून सुरू करतो, सगळ्या जगाला सांगून झाल्यावर भावाला कळतं की आपल्याबद्दल काहीतरी चाललंय.

आणि जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या आध्यात्मिक साधनेच्या सूचनांमध्ये सुरुवातीलाच एक नियम येतो. दुसऱ्याचं विधान दोषी ठरवण्याआधी त्याचा चांगला अर्थ लावायला तयार असावं. तसा लागत नसेल तर तुला काय म्हणायचंय हे त्याला विचारावं. आणि खरंच चुकीचं असेल तर प्रेमाने दुरुस्त करावं. शेवटची पायरी आहे, गाळलेली नाही. नुसतं 'समजून घ्या' म्हणून तो थांबत नाही.

मोहरी
सगळ्यांचे आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं, वह्या भरल्यात.

काल मी त्या मैत्रिणीला फोन केला, जिने ते फॉरवर्ड खोटं आहे म्हणून दाखवलं होतं. ती म्हणाली, 'माझं म्हणणं चूक ठरलं असतं तर मला चाललं असतं. पण ते बरोबर की चूक हे कोणी बघितलंच नाही, सगळ्यांनी माझा सूर बघितला.' घंटाघर, मला तुमच्या त्या कार्बन प्रतीच आठवल्या.

फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांकडेही जाणार आहे, एकटी. ते आधी रागावतील.

गटात एवढंच सुचवणार आहे की विषयबंदी उठवू आणि तिच्या जागी एक नियम ठेवू: उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. निळी_शाईंची ती शांतताही हवी होती, पण आमच्याकडे मिनिटभर कोणी बोललं नाही की कोणीतरी भजन सुरू करतं.

याकोब ३ ठेवावं की दुसरा उतारा घ्यावा?

जुनाखडू
याकोब ३ ठेवाच, पण सोबत फिलिप्पैकरांस ४:२-३ घ्या. युवदीया आणि सुंतुखे, दोन बायकांचं काहीतरी बिनसलंय. दोघींनी पौलाबरोबर सुवार्तेसाठी कष्ट घेतलेत. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, एकमेकींशी एकचित्त व्हा. मग आपल्या एका सोबत्याला सांगतो, या दोघींना मदत कर. पत्र सगळ्या मंडळीसमोर वाचलं जाणार हे त्याला ठाऊक होतं, तरी भांडण कशावरून होतं हे त्याने लिहिलेलं नाही.

कडूनिंब
आणि बरोबर कोण होतं तेही लिहिलेलं नाही. सर, माझी अडचण तिथेच आहे. जिच्यावर अन्याय झाला असेल तिला 'एकचित्त व्हा' ऐकताना काय वाटलं असेल?

जुनाखडू
अन्यायच झाला होता की नुसता मतभेद होता, हेही तिथे नाही ना.

कडूनिंब
नाही. म्हणूनच विचारतोय.

मोहरी
कडूनिंब, चर्चेचा पहिला प्रश्न हाच ठेवते, तुमच्याच शब्दांत. काका तयार झाले तर वाचायला त्यांना देईन.

शंकासुर
नास्तिकांना प्रवेश आहे का?

मोहरी
आहे. फक्त आधी काकांचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगावं लागेल.